कुकडीच्या पात्रातला गोटा

टाकळी हाजीच्या बाजूनं कुकडी नदीच्या पात्रात उतरलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि आत्या माझ्याशी बोलत नव्हती. गाडीत शेवटचे वीसेक किलोमीटर कुणीच तोंड उघडलं नव्हतं. माझ्या मुलीनं विचारलं होतं, "निघोजच्या कुंडावर नक्की आहे काय?" आणि आत्यानं तिला आपल्या माहेरची गोष्ट सांगायला घेतली होती. मळगंगा आई एका दैत्याच्या मागं धावत निघाली. तो कुकडीत शिरला आणि खडकाखाली लपला. आईनं खडकावर टाच आपटली. तिथं नाही सापडला, मग पुढच्या जागी, मग त्याच्या पुढच्या. जिथं टाच पडली तिथं खडकात रांजणासारखा खळगा झाला. हे सांगताना आत्या मांडीवर थाप मारते. लहानपणी मी ही गोष्ट तिच्या कुशीत पडून ऐकलेली आहे, आणि ती थाप अजून माझ्या कानात आहे.

तरीही मी स्टिअरिंगवरून म्हणाले, "आत्या, नववीत आहे ती. तिला खरं काय ते सांगू दे."

आत्याचा हात मांडीवर तसाच राहिला. ती खिडकीबाहेर बघायला लागली. उसाच्या ट्रॉल्या, कांद्याची रानं, आणि मग ती शांतता. वाक्य परत घेता येत नाही. शिवाय मला ते परत घ्यायचंही नव्हतं, कारण मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं.

आमच्यातलं हे भांडण जुनं आहे. १५ जानेवारी २०१० ला कंकणाकृती सूर्यग्रहण होतं. कंकण दिसलं ते दक्षिणेकडे, कन्याकुमारी-रामेश्वरच्या पट्ट्यात. पुण्यात खंडग्रास. मला सहावा महिना होता. आत्या कसब्यातल्या तिच्या घरून सकाळीच आमच्याकडे येऊन बसली होती. चिरायचं नाही, शिवायचं नाही, बाहेर पडायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी ओट्याशी उभी राहून गवार मोडली, बटाटे चिरले, आणि भर दुपारी खाली अंगणात जाऊन आंब्याच्या झाडाखाली उभी राहिले. पानांमधल्या प्रत्येक फटीतून जमिनीवर सूर्याची प्रतिमा पडत होती. एरवी त्या गोल असतात म्हणून आपण त्यांना नुसते कवडसे म्हणतो. त्या दुपारी शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या, माझ्या पायांवर, पोटावर. आयुष्यात पाहिलेल्या सुंदर गोष्टींत ती माझ्यासाठी फार वरची आहे. आत्या वर दार लावून जपाला बसली होती.

मुलगी एप्रिलमध्ये झाली, ठणठणीत. तेव्हापासून आत्या म्हणते, "मी जप केला म्हणून." आणि मी म्हणते, "काही होणारच नव्हतं." खरं सांगायचं तर एका मुलीच्या तब्येतीवरून दोघींपैकी कुणाचंच काही सिद्ध होत नाही. सिद्ध करायचं तर खूप मुलं लागतात, मोजदाद लागते, आणि मोजणाऱ्याला उत्तर आधी माहीत नसावं लागतं. पुण्यातच डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तशी चाचणी फलज्योतिषाची घेतली होती. २०० मुलांची जन्मटिपणं, निम्मी हुशार, निम्मी मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका देऊन विचारलं, ओळखा. २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. हे मी आत्याला कितीदा तरी सांगितलंय. ती म्हणते, "त्या सत्तावीस जणांना येत नसंल."

तर असं हे पंधरा वर्षांचं सामान घेऊन आम्ही जानेवारीत निघालो. आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा नवस होता, मळगंगेची ओटी भरायची होती. मी म्हटलं, निघालोच आहोत तर कुकडीच्या वरच्या अंगापासून खाली येऊ. दोन दिवस काढू. आत्या कबूल झाली, कारण नदीकाठचं तिचं माहेर आता विकलेलं आहे आणि त्या बाजूला जायला निमित्त उरलेलं नाही.

पहिला दिवस थोडक्यात सांगते. चाकणच्या चौकात पाऊण तास गेला. तिथून पुढं राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. खोडदच्या बाजूला शेतांमधून जीएमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या, थाळ्या दिसायला लागल्या, द्राक्षांच्या मांडवांवर उभ्या असल्यासारख्या. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या एकूण तीस थाळ्या आहेत, काही एका जागी आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आत्यानं विचारलं, "एवढ्या टोपल्या कुणाचं ऐकतात?" मुलगी म्हणाली, "आकाशाचं. हायड्रोजनचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेलं आत्ता येतंय." आत्या म्हणाली, "आणि आपण काल बोललेलं कुणी ऐकत नाही."

मग बोरी. जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. आपल्याकडचा काळा बेसाल्ट ज्या लाव्हाचा झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्या मानानं कालची, आणि इथली नव्हेच. रासायनिक जुळणीवरून बहुतेक अभ्यासक ती सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची मानतात. तीन हजार किलोमीटरहून लांबून वाऱ्यावर आलेली. तोबाचा तो महास्फोट साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीचा. पण डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ऐंशीच्या दशकात या राखेचं वय काढून घेतलं तेव्हा ते सुमारे चौदा लाख आलं होतं. मग १९९५ मध्ये पावणेसात लाखांच्या जवळ. मग पंचाहत्तर हजार. वाद अजून पुरता मिटलेला नाही. याच थराशी अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं सापडलेली आहेत, त्यामुळं राखेचं वय बदललं की त्या माणसाचंही बदलतं.

ओढ्याच्या कडेला तो फिकट करडा थर आम्हाला एका शेतकऱ्यानं दाखवला. बोटांत घेतला तर पिठासारखा. तो म्हणाला, "आमचे वडील सांगायचे, पांडवांनी यज्ञ केलेला, त्याची राख." मला त्या वेळी एवढंच वाटलं की राख आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता, बोटांनी. पण आत्या लगेच माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ." मी म्हटलं, "राख बरोबर, यज्ञ नाही." तिथं पहिली ठिणगी पडली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत जे झालं ते वर सांगितलंच.

आता कुंड.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. नदीच्या एका काठाला पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, समोर अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं निघोज. मधे कुकडीचं पात्र म्हणजे नुसता उघडा काळा खडक, आणि त्या खडकाला कुणी मोठ्या डावानं कोरून काढावं तसे खळगे. काही ताटाएवढे, काही विहिरीएवढे. तोंड लहान, पोट मोठं. रांजणासारखे, म्हणून रांजणखळगे. काहींच्या आतल्या भिंतींवर गोल गोल वळणारे चरे आहेत, कुंभाराच्या चाकावर बोटं फिरल्यासारखे. दोन रांजण शेजारी शेजारी वाढत गेले की मधली भिंत पातळ होते आणि एक दिवस फुटते. मग तिसरा मिळतो, चौथा मिळतो. असे मिळत मिळत नदीनं स्वतःसाठी खडकात खोल घळ पाडली आहे. जानेवारीत तिच्या तळाशी हिरवंगार पाणी संथ पडलेलं असतं आणि वरून बघताना पोटात गोळा येतो. फोटोत हे येत नाही. मी दोनेकशे काढले, एकही बरा आला नाही.

मुलगी एका कोरड्या, गुडघाभर खोल खळग्यात उतरली आणि तळातला गोटा उचलून आली. अगदी गुळगुळीत, लिंबाहून मोठा, नारळाहून लहान.

"हाच ना?" तिनं मला विचारलं.

हाच. पावसाळ्यात सह्याद्रीतून लोंढा येतो तेव्हा खडकातल्या भेगेशी किंवा लहानशा खोलगटाशी पाणी अडखळतं आणि गरगरायला लागतं. खोलगट आधीपासूनच असतात. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा राहिलेल्या असतात, कधी त्यात भरलेलं खनिज निसटून पडलेलं असतं. भोवऱ्यात वाळू येते, गोटे सापडतात. गोटा फिरत राहतो, खडक घासत राहतो, स्वतःही झिजत राहतो. संपला की वरून दुसरा येतो. जात्यात दळावं तसं. एक पावसाळा, शंभर पावसाळे, हजारो पावसाळे. हातात हत्यार असलेलं कुणी नाही, घाई नाही. मला ही गोष्ट दैत्याच्या गोष्टीहून जास्त थरारक वाटते, आणि हे मी मनापासून सांगतेय. कुणा एकाच्या रागातून हे झालं असं ऐकलं की मला ते लहान झाल्यासारखं वाटतं.

आत्या काठावर, ओटीची पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसली होती. ती ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं.

तेवढ्यात ते तिघं आले. एकाच्या हातात काठीला लावलेला फोन, एकाकडे माइक. बरोबर आमच्या पुढ्यात उभं राहून सुरू झाले. मित्रांनो, हे खड्डे पाहून नासाचे शास्त्रज्ञसुद्धा चक्रावून गेले. मित्रांनो, आजच्या यंत्रांनाही असं अचूक ड्रिलिंग जमणार नाही. मित्रांनो, आपल्या पूर्वजांकडे असं कोणतं तंत्रज्ञान होतं, जे आपल्यापासून लपवलं गेलं? तीनदा रीटेक झाले. प्रत्येक वेळी नासा आलं.

मला खरा संताप आला तो इथं. आत्याच्या गोष्टीवर मी चिडते, पण आत्यानं कधी कुठल्या शास्त्रज्ञाचं नाव तिच्या गोष्टीला चिकटवलेलं नाही. तिची गोष्ट देवीची आहे आणि ती देवीची म्हणूनच सांगते. ज्याला पटेल त्यानं हात जोडावे. हे लोक विज्ञानाचा अंगरखा घालून येतात, आणि अंगरख्याच्या आत ना विज्ञान, ना श्रद्धा. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही असेच मेसेज फिरले होते, हे अघटित आहे, आता काहीतरी होणार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले, त्यांच्या अंगातलं रंगद्रव्य गुलाबी. लोणारलाही लवणासुराची गोष्ट आहे आणि ती फार जुनी आहे. पण त्या गोष्टीनं कधी कुणाला फसवून व्ह्यूज मिळवले नाहीत.

मी त्या तिघांतल्या माइकवाल्याला गोटा दाखवला आणि म्हटलं, हे बघा ड्रिल. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फ्रेममध्ये येताय."

ते पुढे सरकले आणि घळीच्या अगदी ओठावर जाऊन उभे राहिले. तिथं खडक ओला होता. एक जण पाठमोरा मागे मागे जात होता, फोनमध्ये बघत. तेव्हा शिट्टी वाजली. जोरात, दोनदा.

"ए! मागं फीर! हिरव्यावं पाय नगं दिऊ!"

देवळाकडच्या बाजूला ओटीचं सामान मांडून बसलेला एक पन्नाशीचा माणूस धावत येत होता. गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोराचं वेटोळं. त्यानं त्या पोराचा दंड धरला आणि अक्षरशः ओढून मागं आणला. पोरगा तावातावानं बोलायला लागला. हा शांतपणे म्हणाला, "रांजणात पडलेला उंदीर बघितलाय का कधी? चढतो आन् घसरतो, चढतो आन् घसरतो. तोंड ल्हान, प्वाट मोठं. पवता येऊन उपेग न्हाई, धरायला काय न्हाईच. आन् वल्या शेवाळावर तुझा बूट सुदीक टिकत न्हाई."

एवढ्या चार वाक्यांत त्यानं त्या खळग्यांचं सगळं भूशास्त्र सांगितलं होतं. ज्या आकाराचं मी मुलीला कौतुक सांगत होते, तोंड लहान आणि पोट मोठं, तोच आकार माणसाला मारतो. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी सगळं वाचून आले होते.

त्याच्या दुकानाशी जाऊन बसलो. दुकान म्हणजे पोत्यावर मांडलेले खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि लिंबूसरबताची बादली. आत्यानं खण निवडला आणि विचारलं, "हे राखणीचं काम तुझ्याकडं कुणी दिलं?"

"कुणी न्हाई दिलं," तो म्हणाला. त्याचा थोरला भाऊ या कुंडात गेला होता. हा तेव्हा चौदा वर्षांचा. गुरं पाण्यावर आणली होती, दोघंच होते. भाऊ पाणी प्यायला वाकला आणि पाय सरकला. "मी वर हुभा. मला दिसत व्हता. हात वर करीत व्हता. मग न्हाई दिसला." गावातले लोक आले, बाजेची सुतळी सोडून बघितली. तळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला.

"मग समदी म्हणाली, मळगंगा आईनं पदरात घेतला. तिला आवडला म्हनून न्हेला. माझी आई त्येच धरून बसली. वीस-बावीस वर्षं दर मंगळवारी येऊन ओटी भरायची. भांडायची देवीसंगं, आन् मग बोलायची पण. म्हनायची, माझा एक हिच्याकडं हाय."

आत्यानं विचारलं, "आहे का आई?"

"न्हाई. करोनाच्या आदी गेली."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग माझ्या मुलीनं, मला विचारायला धीर झाला नसता तो प्रश्न विचारला. "काका, तुम्हाला काय वाटतं? देवीनं नेलं?"

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "शेवाळ व्हतं, बाळा. मी बघितलंय ना. पर आईला मी कवा शेवाळ सांगितलं न्हाई. आन् ह्या पोरांला मी कवा देवी सांगत न्हाई. देवी सांगितली का ती हसत्यात, आन् फुडं जात्यात."

मी इतकी वर्षं आत्याशी जे भांडत आले त्यात माझी एक पक्की समजूत आहे: खड्डा कसा पडला याला उत्तर एकच असतं. गोटा आणि पाणी. टाच नाही. ती समजूत त्या पोत्यावर बसूनही बदलली नाही आणि आजही बदललेली नाही. 'दोन्ही आपापल्या जागी बरोबर' असं म्हणून विषय मिटवणाऱ्यांत मी नाही. पण त्याच्या आईला त्या बावीस वर्षांत 'शेवाळ होतं' हे सांगायला मी गेले असते का, असं स्वतःला विचारलं तेव्हा उत्तर लगेच आलं नाही. आणि दुसऱ्या बाजूनं हेही तितकंच टोचलं की दुर्घटना होऊन गेल्यावर जो आधार असतो, तोच आधी सांगितला तर जीव घेतो. देवी नेते असं एकदा ठरलं की कठडा कोण बांधणार? आम्ही उतरलो त्या बाजूला, जिथं पाय सरकतो तिथं, खळगा आतून कसा असतो हे सांगणारा एकही फलक मला दिसला नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स मात्र रस्त्याला चार होते. दोर घेऊन उभा असलेला हा एक माणूस, तोही स्वतःच्या खर्चानं.

तळ लागत नाही त्याचंही मी नंतर कागदावर चित्र काढून बघितलं. खाली रांजण एकमेकांत उघडतात, पाणी आडवं वाहतं. सुतळीला बांधलेला हलका दगड सरळ खाली जातच नाही, वाहवत तिरका जातो, आणि सुतळी सुटत राहते. त्यामुळं 'तळ लागत नाही' हे सांगणारे लोक खोटं बोलत नव्हते. हातात आलं तेच सांगत होते. बोरीच्या राखेसारखंच. माझ्या लक्षात आलं की माझ्या माणसांच्या बघण्यात चूक क्वचित असते. चूक होते ती 'का' म्हणून विचारायची वेळ येते तिथं. आणि तिथं मी त्यांच्याशी ज्या सुरात बोलते, त्या सुरामुळं ते पुढचं ऐकतच नाहीत.

आत्यानं देवीची ओटी भरली. मग त्याच्याकडून दुसरा खण घेतला, दुसरा नारळ घेतला, आणि परत आत गेली. मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाली, "त्याच्या आईचा. आता मंगळवारी कोण भरतंय तिच्याकडून?" तो बाहेर उभा होता, त्यानं पैसे घेतले नाहीत. आत्यानंही आग्रह केला नाही. मला वाटतं, दोघांनाही त्यात काही समजलं होतं.

निघताना मुलीच्या हातात तो गोटा अजून होता. आत्यानं तो तिच्याकडून घेतला आणि तळहातावर फिरवून बघितला. आमच्या देवघरात, म्हणजे आत्याच्या, एक तांदळा आहे, म्हणजे देवी म्हणून पुजलेला गोटा. शेंदूर लावलेला, डोळे बसवलेला. तिच्या आईनं लग्नात तिच्याबरोबर दिलेला. माहेरच्या नदीतला, एवढंच आम्हाला माहीत.

मुलगी म्हणाली, "आजी, म्हणजे आपला तांदळा आधी इथंच कामाला होता?"

मी श्वास रोखून धरला. वाटलं, आता परत दोन दिवस बोलणार नाही ही. आत्या गोटा बघत राहिली. मग म्हणाली, "असंल. देवीला काय बसून खायला मिळतंय थोडंच."

ती तो पिशवीत टाकणार, तेवढ्यात दोरवाला मागून म्हणाला, "ठिवा तिथंच, आजी. पावसाळ्यात लागतोय त्याला."

कशाला लागतो, हे त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. आत्या माझा हात धरून, नव्या गुडघ्यावर हळूहळू भार देत, त्या कोरड्या खळग्याच्या कडेपर्यंत गेली. वाकता येईना म्हणून मुलीनं आत उतरून गोटा तळाशी ठेवला. आत्या वरून सांगत होती, जरा मधे, जरा मधे सरकव.

परतीच्या वाटेत हुरड्याला थांबलो. माणशी सातशे रुपये, शेजारी डीजे, आणि हुरडा थंड. त्याबद्दल वेगळं लिहीन, इथं नको.

शिक्रापूर ओलांडलं तेव्हा अंधार पडला होता. मुलगी मागं झोपली होती. मला वाटलं आत्याही झोपलीय. पण ती म्हणाली, "वर माणिकडोह झालं, येडगाव झालं. नदीला आता पूर येतो का गं पूर्वीसारखा?"

म्हटलं, "धरणं भरली की सोडतात. तेव्हा येतो. पूर्वीइतका नाही."

"मग त्या गोट्याला फिरायला पाणी पुरतं का?"

दोन दिवसांत तिनं मला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. आणि मला त्याचं उत्तर नीट सांगता येईना. मी गाडी बाजूला घेतली, दिवा लावला आणि ओटीच्या पुडीच्या कागदावर तिला नदी काढून दाखवायला लागले.